मागे स्प्रिंग नसलेली सायकल

मास्तरांचा दात हलत होता, पण मास्तर काही जागचे हलायला तयार नव्हते. उभी हयात शाळेत कवायत शिकवलेला, एका शिट्टीत सगळं मैदान चिडीचूप करणारा हा माणूस दवाखान्याचं नाव निघालं की वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचा. जेवताना घास या गालातून त्या गालात फिरवायचा आणि कुणी विचारलंच तर, "हलतोय म्हणजे अजून जिवंत आहे," असं सांगून मोकळा व्हायचा. असे कित्येक महिने गेले. शेवटी त्यांच्या मुलीनं आपल्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या जावईबापूंना, कामाला लावलं.

"अहो, दातांचे डॉक्टर तुमच्या वर्गातले ना? मग आज तुम्हीच न्या बाबांना. आणि काय वाट्टेल ते झालं तरी त्यांना एकटं सोडू नका. मागच्या वेळी दादा घेऊन गेला होता. तो नुसता चपला काढायला वाकला, तेवढ्यात बाबा पळून घरी हजर."

"या वेळी दात घेऊनच येतो," जावईबापू म्हणाले.

"नाही आणलात, तर तिकडे दुकानातच झोपा. सोफे आहेतच तुमच्याकडे."

जावईबापूंचं सोफे आणि खुर्च्या बनवायचं दुकान होतं, आणि बसण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जायचा. कुठेही गेले तरी बसण्यापूर्वी तळहातानं आसन दाबून बघायचे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाची खुर्चीसुद्धा नवरदेवासकट दाबून पाहिली होती. आजही दवाखान्यात शिरल्यावर त्यांनी आधी डॉक्टरांची ती खालीवर होणारी खुर्ची दाबली, मान डोलावली आणि मगच मास्तरांना तीत बसवलं.

डॉक्टर माणूस शिडीसारखा उंच आणि हाताचा हलका. मास्तरांना कळायच्या आत त्यानं हिरडीत सुई टोचली आणि काढलीसुद्धा. मास्तरांच्या गळ्यात प्लास्टिकचा रुमाल, दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर घट्ट.

"आता तोंड जरा बधिर होऊ द्या, काका. तोवर आरामात बसा." एवढं सांगून डॉक्टरनं मित्राला कोपरानं ढोसलं. "चल खाली, तुला एक गंमत दाखवतो."

"बाबांना एकटं सोडायचं नाही रे. घरून ताकीद आहे."

"जिना एकच आहे, आणि आपण जिन्याच्या तोंडाशीच उभे असणार. पळतील कुठे?"

हे बोलणं बिनतोड होतं. दोघे खाली उतरले. जिन्याखाली भिंतीला टेकून, एका जुन्या चादरीखाली काहीतरी उभं होतं. डॉक्टरनं ती चादर अशी हळुवार उचलली, की आत तान्हं बाळ झोपलं असावं असं वाटलं.

सायकल होती. पण सायकल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, त्याची ही दांडगी थोरली बहीण होती. गडद हिरवा रंग, जाडजूड टायर, त्यांवर बोटाच्या पेराएवढ्या गुठळ्या, आणि चाकं इतकी मोठी की जावईबापूंच्या कमरेशी खेटत होती. जावईबापू नकळत दोन पावलं मागे सरले आणि मग तितकीच पुढे आले.

"डोंगरात चालवायची आहे ही," डॉक्टर म्हणाला. "परवा पहिल्यांदाच घेऊन जाणार आहे. अजून एक ओरखडा नाही अंगावर."

जावईबापू खाली वाकले. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाड नळ्या होत्या. त्यांनी हँडलवर भार टाकला तशा त्या नळ्या मऊपणे आत गेल्या आणि तितक्याच मऊपणे वर आल्या. आवाज नाही, धक्का नाही. आयुष्यभर स्प्रिंगांशी झगडलेल्या त्या माणसाचे डोळे भरून आले असते, पण तेवढ्यात त्यांचं लक्ष मागे गेलं.

"मागे स्प्रिंग कुठाय?"

"नसते हिला. हार्डटेल म्हणतात. पुढे मऊ, मागे कडक."

"म्हणजे बसायच्या जागी कडक? अरे, ज्यानं बनवली तो कधी खाली बसलाय का?"

"चालवून बघ, मग बोल. बागेला एक चक्कर मार आणि ये. थांब, तुझ्या उंचीला सीट खाली घेतो." जावईबापू पुन्हा पुढच्या नळ्या दाबण्यात गुंगले होते, त्यामुळे डॉक्टरनं सीट नेमकी कशी खाली घेतली हे त्यांनी पाहिलं नाही. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

सायकल निघाली आणि जावईबापूंना वाटलं, आपण इतकी वर्षं सायकल म्हणून काहीतरी भलतंच चालवत होतो. पायडल मारावं तर चाक आपणहून दोन हात जास्त पुढे जात होतं. दवाखान्यासमोर एक खड्डा होता. लोक त्याला वळसा घालून जात, मोटारी त्याला वचकून असत. जावईबापूंनी डोळे मिटून घेतले आणि उघडले तेव्हा खड्डा मागे पडला होता. मागून थोडा दणका बसला खरा, पण हाताला काही लागलंसुद्धा नाही. बागेचं वळण घेताना त्यांनी मनातल्या मनात मित्राला दाद दिली. एवढी सुंदर वस्तू आपल्या ओळखीच्या माणसाकडे असावी, याचा त्यांना अभिमान वाटला.

बागेच्या मागच्या बाजूला एक बाई कुत्र्याला घेऊन मध्येच उभ्या होत्या. जावईबापूंनी घंटी शोधली. हँडलच्या डावीकडे अंगठ्यापाशी एक छोटा खटका होता. त्यांनी तो दाबला. घंटी वाजली नाही, पण त्यांच्या खालची सीट मात्र गपकन खाली गेली.

मोडली. मित्राची कोरी सायकल, अंगावर ओरखडा नाही, आणि आपल्या वजनानं तिची सीट मोडली. सोफेवाल्याच्या हातून बैठक मोडावी, याहून मोठी नामुष्की नव्हती. गुडघे हनुवटीला लागत होते म्हणून ते पायडलवर उभे राहिले. बाईंचं कुत्रं आता चाकाशी आलं होतं. त्यांनी घाबरून पुन्हा तीच घंटी दाबली. सीट सर्रकन वर आली, टक् करून थांबली आणि त्यांना खालून असा प्रसाद मिळाला की कुत्रंसुद्धा बाजूला झालं.

मोडली नव्हती तर. जावईबापूंना हायसं वाटलं. त्यांनी शपथ घेतली की आता या सायकलीच्या कुठल्याही भागाला हात लावायचा नाही. मग ते सीटवर बसले आणि त्यांना कळलं की ती आता डॉक्टरच्या उंचीला आली आहे. पायांचे चवडे पायडलला जेमतेम लागत होते. जमीन तर दूरच राहिली. चालवत राहावं तोवर ठीक होतं, पण थांबलं की कोसळणार, आणि आपण कोसळलो की सायकलीला ओरखडा येणार.

दवाखाना आला. डॉक्टर एव्हाना वर परतून खिडकीत उभा होता आणि त्याच्या शेजारी, खुर्चीतून मान लांब करून, मास्तर बघत होते. 'मला उतरता येत नाही' असं सासऱ्यांच्या देखत ओरडायचं जावईबापूंच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. त्यांनी हसून हात हलवला आणि दुसऱ्या चकरेला लागले.

"आवडली लेकाला," डॉक्टर कौतुकानं म्हणाला.

तिसऱ्या चकरेत जावईबापू हसले नाहीत. चौथ्या चकरेत त्यांनी बागेच्या कठड्याला पाय टेकवता येतो का पाहिलं, तो टेकला नाही आणि चप्पल मात्र कठड्यावर राहिली. एका पायात चप्पल नसलेला मित्र रडवेल्या चेहऱ्यानं खिडकीखालून गेला, तेव्हा कुठे डॉक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. तो आहे तसा, हातमोजे आणि तोंडावरच्या पट्टीसकट, जिना उतरून धावत सुटला.

"अरे, ब्रेक लाव!"

"लावला तर पडेन मी."

डॉक्टर धावता धावता क्षणभर विचारात पडला. "पडायचंच असेल तर डावीकडे पड. उजवीकडे गिअर आहेत."

"तुला माझं काही आहे की नाही?"

"आहे ना. म्हणून तर सांगतोय, डावीकडे गवत आहे. तो अंगठ्याजवळचा खटका दाब."

"तो मी मेलो तरी दाबणार नाही. त्यानं सीट उसळते."

बसून दाबलं की उसळत नाही, नुसती खाली जाते, एवढंच सांगायचं होतं. पण डॉक्टरला धावायची सवय नव्हती. त्याच्या तोंडून नुसती वाफ आली आणि तो कठड्याला धरून उभा राहिला.

इकडे मास्तरांनी खिडकीतून हे सगळं पाहिलं होतं. डॉक्टर बाहेर, जावई सायकलवर आणि जिना मोकळा. अशी संधी देव रोज देत नाही. ते खुर्चीतून उठले, गळ्यातल्या रुमालासकट जिना उतरले आणि झपझप घराच्या वाटेला लागले. जावईबापूंनी ते वळणावरून पाहिलं. आता दातही गेला हातचा, आणि रात्रीचा बिछानाही.

"बाबा, थांबा," ते ओरडले. "बाबा, निदान मला तरी थांबवा."

मास्तर वळले. समोरून जावई येत होता, एका पायात चप्पल, डोळे विस्फारलेले. मास्तरांच्या अंगात जुना मैदानावरचा माणूस जागा झाला. ते रस्त्याच्या मधोमध आले, छाती पुढे काढली आणि सवयीनं शिट्टी घालायला ओठ आवळले. ओठ बधिर होते, नुसती फुस्स अशी हवा गेली. मग त्यांनी सरळ हात पुढे केला, हँडल धरलं, दोन पावलं सायकलीबरोबर मागे गेले आणि ती अशी अलगद थांबवली की जावईबापू पिकल्या फळासारखे आपोआप गवतावर गळून पडले. सायकल मास्तरांच्या हातात ताठ उभी राहिली. ओरखडा नाही.

त्यांनी पळायला हवं होतं, पण ते पळाले नाहीत. ते सायकलीकडे बघत राहिले. त्यांनी हँडलवरून हात फिरवला, चाक जरा पुढे ढकललं, मागे घेतलं. मास्तरांची स्वतःची सायकल होती एके काळी. तीवरून ते रोज शाळेत जायचे, निवृत्तीनंतरही गावभर हिंडायचे. मग वय झालं म्हणून मुलांनी ती देऊन टाकली, त्यांच्या भल्यासाठी. मास्तर तेव्हा काही बोलले नव्हते, आणि कुणी विचारलंही नव्हतं. जावईबापूंना गवतावर पडल्या पडल्या हे आठवलं आणि वाईट वाटलं.

"बाबा, ती जरा उंच आहे," ते म्हणाले.

मास्तर डॉक्टरच्याच उंचीचे होते; त्यांनी विजारीचा उजवा पाय मोज्यात खोचला. डावा पाय पायडलवर ठेवला, उजव्यानं जमिनीला दोन रेटे दिले आणि पाय पलीकडे टाकून ते निघून गेले. पाठ ताठ, कोपरं आत, नजर समोर. गळ्यातला प्लास्टिकचा रुमाल खांद्यावरून मागे उडत होता.

"काय बसलेत रे," डॉक्टर धापा टाकत आला आणि म्हणाला. आपली सायकल कुणी घेऊन गेलं याचं त्याला भानच नव्हतं. "बघ तरी. याला म्हणतात बसणं."

बसण्याच्या बाबतीत जावईबापूंनी पहिल्यांदाच दुसऱ्याचं ऐकून घेतलं. दोघे तोंड उघडं टाकून बघत राहिले. मास्तरांनी एक चक्कर मारली, दुसरी मारली आणि तिसऱ्या चकरेत ते बागेत शिरले. बागेच्या दुसऱ्या टोकाला रुंद, उतरत्या पायऱ्या होत्या.

"काका, पायऱ्या," डॉक्टर ओरडला.

मास्तरांना पायऱ्या दिसल्या होत्या. त्या दिसल्या म्हणूनच ते तिकडे वळले होते. पुढचं मोठं चाक प्रत्येक पायरीवर लोण्यासारखं उतरलं. मागचं चाक मात्र प्रत्येक पायरी मोजून, वाजवून उतरलं, आणि मास्तर जुन्या शिस्तीनं सीटवर ठाम बसून राहिल्यामुळे तो प्रत्येक दणका कंबरेतून, पाठीतून, मानेतून थेट जबड्यापर्यंत पोचला.

सायकल खाली पोचली आणि थांबली. मास्तर एक पाय सहज जमिनीला टेकवून उभे होते. त्यांनी गळ्यातल्या रुमालात काहीतरी थुंकलं, निरखून पाहिलं आणि धावत आलेल्या डॉक्टरच्या तळहातावर ठेवलं.

डॉक्टरनं ते उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. "सबंध आलाय. मुळासकट." मग मास्तरांच्या तोंडात डोकावून, खिशातला कापूस तिथे दाबून तो जावईबापूंना म्हणाला, "मला याच्यासाठी निदान घाम तरी गाळावा लागला असता. आणि मागे स्प्रिंग पाहिजे म्हणत होतास."

जावईबापूंनी कबूल केल्याप्रमाणे दात घरी नेला. मास्तरांच्या मुलीनं तो पाहिला, बाबांच्या चेहऱ्यावरचं तेज पाहिलं आणि नवऱ्याला घरात झोपायची परवानगी दिली. दवाखान्यात काय झालं ते कुणी तिला सांगितलं नाही. मास्तरांच्या तोंडात कापूस होता, आणि जावईबापूंनी आपल्या तोंडात तो आहे असं समजायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू दुकानात बसून मित्रासाठी सायकलच्या सीटचं एक जाडसर मऊ कव्हर शिवत होते. उपकाराची फेड म्हणून. एवढ्यात बायको लगबगीनं आली.

"अहो, बाबांना काय केलंत तुम्ही? स्वतःहून दवाखान्यात निघालेत. म्हणतात, पलीकडचा दातही हलतोय, आजच दाखवून घेतो. मी बघितलं, हलतबिलत काही नाही."

तिच्या मागोमाग मास्तर दारात येऊन उभे राहिले. दाढी घोटलेली, केस चापूनचोपून बसवलेले आणि विजारीच्या उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला.

"चला, जावईबापू," ते म्हणाले. "एकटं सोडायचं नाही ना मला?"

जावईबापूंनी त्या चिमट्याकडे पाहिलं, हातातल्या मऊ कव्हराकडे पाहिलं, आणि ते कव्हर गुपचूप गादीखाली सारून चप्पल घालायला उठले.