जावईबापूंना समजेल असं

सकाळी अलार्म वाजला तेव्हा जावईबापूंनी आधी तो बंद केला. मग अडकलेला सर्व्हर तीनदा रीस्टार्ट केला, त्यानंतर पाऊण तास काहीही केलं नाही, आणि शेवटी ग्राहकाला मेल पाठवली: "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे. तुमच्याकडे तपासून पाहा."

ग्राहक म्हणजे एक बसकंपनी. तिची तिकीटविक्री तेवढा वेळ ठप्प होती, आणि खिडकीवर ताटकळलेले प्रवासी जे जे बोलले ते ते कंपनीच्या व्यवस्थापकबाई फोनवरून साहेबांना शब्द न गाळता ऐकवत होत्या. साहेबांचा कान लालबुंद झाला होता.

जावईबापू हा कुणी माणूस नव्हता. ऑफिसातले सगळे सर्व्हर आपणहून सांभाळणारं ते नवं सॉफ्टवेअर होतं. विकणाऱ्यांनी त्याला 'एजंट' म्हटलं होतं. पण त्याच्यावर रागावता येत नाही, सांगितल्याशिवाय इकडची काडी तिकडे करत नाही आणि सगळ्यांनी त्याची मर्जी सांभाळायची, ही लक्षणं पाहून ऑफिसने पहिल्याच आठवड्यात त्याला हे नाव देऊन टाकलं होतं.

"याला हे कुणी शिकवलं?" फोन ठेवून साहेब गरजले.

सगळे छताकडे पाहू लागले. एकट्या मॅन्युअलताईंनी स्क्रीनकडे मोर्चा वळवला. कुठलं मशीन कसं चालवावं याच्या पुस्तिका त्या लिहीत, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. त्यांनी टाइप केलं, "असं का केलंत?" यंत्र झालं तरी जावईच तो, अरेतुरे कसं करणार?

उत्तर तत्काळ आलं. "पुस्तिकेत लिहिलं आहे: सर्व्हर अडकल्यास नेहमीप्रमाणे करावे. नेहमी काय करतात ते जुन्या नोंदींत पाहिलं आणि तसंच केलं."

रीस्टार्टभाऊंना एकाएकी आपल्या बुटाची नाडी सुटल्याची आठवण झाली. ऑपरेटर म्हणून त्यांची हयात याच खोलीत गेली होती, आणि अलार्म बंद, तीनदा रीस्टार्ट, पाऊण तास चहा आणि मग ती मेल, हा सगळा त्यांचाच शिरस्ता होता. जावईबापूंनी चहा तेवढा घेतला नव्हता.

"सोमवारी बसकंपनीच्या बाई स्वतः बघायला येणार आहेत," साहेब म्हणाले. "त्यांच्यासमोर हे काम जावईबापूंनी एकट्याने करून दाखवायचं. ताई, सगळ्या पुस्तिका नव्याने लिहा. जावईबापूंना समजेल असं. परत कुणाला काही विचारायलाच लागू नये."

"लिहिते," ताई म्हणाल्या.

बाहेर जिन्यात रीस्टार्टभाऊंनी त्यांना गाठलं. "ताई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय हं. कुणाला काही विचारायलाच लागणार नसेल तर तुम्हाला ठेवतील कशाला? पुस्तिका झाल्या की लिहिणारीचं काम काय?"

हे ताईंच्याही मनात येऊन गेलं होतं. या वयात, या कामासाठी, दुसरीकडे कोण उभं करणार? भीती वाटली, चांगलीच वाटली. पण 'नेहमीप्रमाणे करावे' हे वाक्य त्यांच्या हातचं होतं, आणि ते तसंच राहणं त्यांना भीतीपेक्षा जास्त टोचत होतं. त्यांनी पदर खोचला.

"गरज पडल्यास पंखे वाढवावेत," त्यांनी भाऊंना जुन्या पुस्तिकेतून वाचून दाखवलं. "गरज कधी पडते?"

"गरम झालं की."

"किती गरम?"

"हात लावला की कळतं ना, ताई."

"जावईबापूंना हात नाहीत."

भाऊ विचारात पडले. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर शोधायला थर्मामीटर कुठे मिळतो इथपासून सुरुवात करावी लागली.

"कोपऱ्यातल्या मशीनला हात लावू नये. का?"

"नसतो लावायचा."

"लावला तर काय होतं?"

"लावलाच नाही ना कुणी!"

ताई उठल्या, कोपऱ्यात गेल्या आणि त्यांनी बटण दाबून मशीन बंद केलं. खोलीत किंकाळी उठली. एकजण टेबलाखाली शिरला. पण एकही अलार्म वाजला नाही. तपास करता कळलं की ते मशीन वर्षानुवर्षं फक्त स्वतःच्या पंख्याचा वेग मोजत बसलं होतं.

घरीही सुटका नव्हती. नवरा चित्रकलेचा मास्तर, स्वभावाने मोघम. तो म्हणाला, "आज जरा लवकर येतो."

"लवकर म्हणजे किती वाजता? आणि जरा म्हणजे?"

"अगं, मी बायकोशी बोलतोय की पोलिसाशी?" तो म्हणाला, पण त्या दिवशी सांगितलेल्या वेळेला दारात हजर झाला.

अशा रीतीने 'गरज', 'जरा', 'साधारण' आणि 'योग्य ती' हे शब्द ताईंनी पुस्तिकांमधून वेचून हद्दपार केले. रोजची कामं जावईबापूंनी बिनबोभाट करावीत. मात्र जे एकदा बंद केलं किंवा पुसलं की परत आणता येत नाही, त्याला कारण स्पष्ट लिहिलेलं असावं आणि जबाबदार व्यक्तीची परवानगी असावी, असा नियम त्यांनी घातला. नियम सोन्यासारखा होता. फक्त जबाबदार व्यक्ती कोण, हे लिहायचं बाकी होतं.

जावईबापूंनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, भाऊंना विचारा. भाऊ म्हणाले, छे छे, साहेबांना विचारा. जावईबापू गुरुवारचा पूर्ण दिवस या दोघांमध्ये हेलपाटे घालत राहिले, आणि संध्याकाळी त्यांनी स्वतःच निष्कर्ष काढला: प्रत्येक पानाच्या तळाशी 'लेखन' म्हणून एकाच व्यक्तीचं नाव आहे, तेव्हा जबाबदार तीच.

शनिवारी भल्या पहाटे ताईंचा फोन वाजला. "जुन्या फाइली कायमच्या पुसू का? हो की नाही?"

ऑफिस उघडताच ताई तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. "हे बदलायला हवं. कुणाचं नाव घालू? तुमचं?"

साहेब खुर्चीत मागे सरकले. "अहो, राहू द्या की तुमचंच! जबाबदारी कुणीतरी घ्यायलाच हवी."

सोमवारी बसकंपनीच्या बाई आल्या. त्यांच्यासमोर मुद्दाम एक सर्व्हर अडकवला. जावईबापूंनी बिघाड शोधला, काम दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं, तिकीटविक्री क्षणभरही थांबू दिली नाही, आणि काय झालं होतं ते खरं खरं मेलमध्ये लिहून कळवलं. बाई खूश झाल्या. जाताना हसत म्हणाल्या, "वा! कुणालाच विचारलं नाही! मग आता तुमची माणसं करतात काय?"

साहेबही हसले. पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यात घुसला तो घुसलाच.

दुपारी ताईंच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली. "मॅन्युअलताईंचं खातं महिनाअखेरीस कायमचं बंद करावं, अशी साहेबांची विनंती आली आहे. कारण: गरज उरली नाही. जबाबदार व्यक्ती म्हणून आपली परवानगी हवी. हो की नाही?"

खातं बंद म्हणजे नोकरीच संपली. इतक्या वर्षांची नोकरी, आणि हे सांगायलाही साहेबांना काचेच्या केबिनमधून चार पावलं चालवलं नाही! बोट 'नाही'कडे गेलं. पण मग त्यांची नजर त्या कारणावर पडली आणि दुःखाच्या जागी संताप आला. हद्दपार केलेला शब्द पुन्हा घुसला होता! त्यांनी टाइप केलं, "कुणाची गरज? स्पष्ट लिहावे."

काचेपलीकडे साहेब दचकले. त्यांनी लिहिलं, "कंपनीची."

जावईबापूंनी आता पुस्तिका उघडली. "यापुढे पुस्तिकेत बदल करायचा झाल्यास कोण करील? नाव लिहावे."

साहेबांनी भाऊंचं नाव लिहिलं. जावईबापूंनी भाऊंची संमती मागितली, आणि पलीकडच्या खोलीतून आरोळी आली, "मी? देवाशपथ नाही!"

साहेबांनी लिहिलं, "योग्य ती व्यक्ती."

"'योग्य ती' चालत नाही. नाव लिहावे."

घाम पुसत साहेबांनी स्वतःचं नाव लिहिलं.

"ठीक. आपल्यासाठी पहिला प्रश्न: उद्या नवीन सर्व्हर येत आहेत. त्यांचे पंखे किती तापमानाला वाढवावेत?"

साहेबांनी चटकन स्वतःचं नाव खोडलं. थोड्या वेळाने ते केबिनमधून बाहेर आले आणि ताईंच्या टेबलापाशी घुटमळले.

"ताई, ती विनंती… जरा घाईच झाली माझी. मागे कशी घ्यायची?"

"पुस्तिकेत आहे."

"वाचलं हो. त्यालाही कारण लागतं आणि तुमची परवानगी."

"मग सांगा कारण."

"तुमची गरज आहे."

"कुणाला?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे छताकडे बघत होते. "मला," ते हळूच म्हणाले.

ताईंनी ते अक्षर न् अक्षर लिहून घेतलं, एकदा वाचून पाहिलं आणि 'हो' दाबलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण स्क्रीन मोठा असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

साहेब केबिनमध्ये परतताच दारात भाऊ उभे. "ताई, चहाला येता? लगेच परत येऊ."

"लगेच म्हणजे किती वेळ?" असं विचारायला ताईंनी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी ते मिटलं, चष्मा काढून ठेवला आणि उठल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "नेहमीप्रमाणे."