जीप चार इंच वर

जीप चार इंच उंच झाली आणि मग मिस्त्रींच्या मेहुण्याच्या लक्षात आलं, की गॅरेजचं शटर होतं तेवढंच राहिलंय.

तो बाहेर उभा राहून, मान तिरकी करून, एक डोळा मिटून बघत होता. आत फिटर हात पुसत होता आणि मिस्त्री जीपच्या टपावरून फडकं फिरवत होते.

"भाऊजी, आपल्या शटरची उंची किती हो?"

"का?"

"नाही, सहज आपलं."

मिस्त्रींचं फडकं थांबलं. ते बाहेर आले, मेहुण्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनीही एक डोळा मिटला. मग दुसराही मिटला.

"मोजली नव्हती का तुम्ही?" फिटरनं आतून विचारलं.

"दारं मी लोकांची मोजतो," मिस्त्री म्हणाले.

आता यावर कोण काय बोलणार? मिस्त्रींचा धंदाच दारा-खिडक्यांच्या चौकटींचा. त्यांनी बसवलेलं दार कधी अडकलं नाही, आणि कुणाचं अडकलंच तर ते त्यांना सांगायला कुणी धजावत नसे. अशा माणसाची जीप त्याच्याच दारात अडकावी, ही गोष्ट एरवी सगळ्या इमारतीला महिनाभर पुरली असती. पण त्या सकाळी कुणी हसलं नाही. जीप त्याच दिवशी बाहेर निघणं भाग होतं आणि ते का, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

डोंगरावर एक तळं होतं. मिस्त्रींच्या बायकोला ते बघायचं होतं. जन्मात तिनं नवऱ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट, असं मेहुणा म्हणायचा. धाकटा भाऊ असल्यामुळे बहिणीबद्दल थोडं वाढवून सांगायची त्याला सवय होती. पण हट्ट खरा होता. दर हिवाळ्यात दोघं डबा बांधून जीपनं निघायची आणि दर वेळी अर्ध्या वाटेत एक आडवा खडक लागायचा. पुढची चाकं वर चढायची, जीपचं पोट खडकाला घासायचं, ती "बास हो, बास" म्हणायची आणि दोघं परत फिरायची. चालत जावं तर तिला दम लागायचा. "पुढच्या वर्षी जीप उंच करून घेतो," मिस्त्री म्हणायचे, आणि पुढच्या वर्षी पैशांना दुसरीच वाट फुटायची. मग ती गेली. त्या दमानंच गेली. जीप गॅरेजमध्ये धूळ खात पडली.

ती धूळ झटकली गेली वनखात्याच्या पाटीमुळे. येत्या पहिल्या तारखेपासून त्या वाटेवर गाड्यांना कायमची बंदी. "वर नेतो म्हणालो होतो मी तिला," एवढंच मिस्त्री मेहुण्याला म्हणाले. आता कुणाला नेणार, हे मेहुण्यानं विचारलं नाही. तेवढी अक्कल त्याला होती.

बेत दोघांनी मिळून केला. उंची वाढवायचं तयार सामान मागवावं, तर तेवढ्या पैशांत दुसरी जीप आली असती. म्हणून दोघांनी भंगारबाजार पालथा घातला. मोडीत निघालेल्या एका टेम्पोचे स्प्रिंगचे पाटे मिळाले, एका जुन्या रुग्णवाहिकेचे शॉकॲब्सॉर्बर मिळाले. मिस्त्रींनी सुतारी पेन्सिलीनं प्लायवुडच्या तुकड्यावर सगळी मापं काढली. ब्रेकचे पाइप पुरतील का, चाक वळताना कुठं घासेल, उंच झालेली जीप उतारावर किती कलेल. चढायची पायरी काटकसरीत वगळली. मेहुणा रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट गॅरेजमध्ये यायचा आणि दोघं मापांवर बोलत बसायचे, कारण मापं सोडून दुसरं काही बोलायला गेलं की दोघांपैकी एकाचा आवाज बसायचा. शटर त्यांच्या पाठीमागं होतं, ते पाठीमागंच राहिलं.

"टप उतरवा की," फिटर म्हणाला.

"तो उतरत नाही."

"उतरत नाही म्हणजे?"

"मी बसवलाय."

जीपचं मूळचं ताडपत्रीचं छत फाटलं तेव्हा मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं लाकडी टप केला होता. सांधे असे, की त्यात नख शिरणार नाही. करताना बायको आत बसून दोन्ही हातांनी फळ्या वर धरायची आणि डावीकडची खिडकी मोठी करा म्हणून वाद घालायची. खिडकी मोठी झाली होती. तो टप आता करवतीनं कापावा, हे फिटरच्या ओठांवर आलं होतं, पण मिस्त्रींचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

पाटे पुन्हा उतरवायचे तर दोन दिवस जाणार होते, आणि उद्या पहिली तारीख होती. फिटरनं चारही चाकांची हवा सोडली. जीप कुरकुरत थोडी खाली बसली. तरी चार बोटं कमी पडत होती.

"वजन टाका," फिटर म्हणाला. "माणसं बसवा आत. पाटे दबतील."

मेहुण्यानं इमारतीत वर्दी दिली आणि माणसं जमली. मिस्त्रींच्या दारात एकदम इतकी माणसं ती गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच आली होती. तेव्हा कुणाला काय बोलावं सुचलं नव्हतं; आज सगळ्यांना सुचत होतं. शिंपी, पोस्टमन, दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आणि त्यांचा जावई मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसले. पण पाटे टेम्पोचे होते. त्यांनी जन्मभर धान्याची पोती वाहिली होती. चार पापभीरू माणसांची त्यांना काय मातब्बरी? मागचा भाग जेमतेम खाली गेला आणि पुढचा उलट वर आला.

"उतरा," फिटर म्हणाला.

"आत्ताच तर बसलो," हेडमास्तर म्हणाले.

"दोघं उतरा. दोघं पुढं सरका, सीटच्या मागं उभे राहा."

मग मेहुण्याला डाव्या मडगार्डवर बसवलं. मडगार्ड वाकलं, जीप वाकली नाही. मिस्त्री स्वतः स्टिअरिंगवर बसले तशी उजवी बाजू खाली गेली आणि सुटली. डावा कोपरा मात्र शटरच्या वरच्या पट्टीला दोन बोटं अडून राहिला.

सगळे त्या कोपऱ्याकडे बघू लागले आणि मग हळूच त्याच्याखाली बघू लागले. मिस्त्रींच्या शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर एक निळी उशी होती, कारण मिस्त्रींची बायको ठेंगणी होती आणि उशीशिवाय तिला पुढचा रस्ता दिसत नसे. त्या सीटवर वजन टाकलं की काम होणार, हे शिंप्यालाही कळत होतं.

"सिमेंटचं पोतं आणू का एखादं?" पोस्टमननं चाचरत विचारलं.

"तिथं पोतं ठेवायचं नाही," मिस्त्री म्हणाले.

"तू बस," फिटर मेहुण्याला म्हणाला. "भाऊ आहेस तू तिचा."

मेहुणा मडगार्डवरून उतरला, सीटपर्यंत गेला, उशीवर हात ठेवून उभा राहिला आणि तसाच परत फिरला. "मला नाही जमायचं, भाऊजी," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागला. सीटच्या मागं उभ्या असलेल्या हेडमास्तरांनी चष्मा पुसायला काढला. फिटर उगाच पाना शोधू लागला, जो त्याच्या हातातच होता.

तेवढ्यात जिन्यावरून मेट्रनबाई उतरल्या.

मेट्रनबाई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या. आयुष्यभर इस्पितळात नोकरी केलेली, देहानं आणि आवाजानं भारदस्त बाई. त्यांच्या कुंड्यांचं पाणी खाली वाळत घातलेल्या रजईवर पडलं, यावरून त्यांचं आणि मिस्त्रींच्या बायकोचं एकदा जोरदार वाजलं होतं. त्यानंतर दोघी बोलायच्या बंद झाल्या होत्या, त्या कायमच्याच. त्या येताना दिसल्या तशी शिंप्यानं मान खाली घातली.

"किती कमी पडतंय?" त्यांनी विचारलं.

"दोन बोटं," फिटर म्हणाला.

"सरक."

"बाई," मिस्त्री म्हणाले, "ती जागा..."

"कुणाची ते मला ठाऊक आहे." त्यांनी फिटरच्या खांद्यावर हात टाकला, एक पाय वर टाकला आणि एका दमात आत आल्या. निळी उशी त्यांनी आधीच उचलली होती. ती खाली टाकली नाही, मागंही दिली नाही. मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरली. "चला आता. माझ्या वजनाकडे काय बघताय, समोर बघा."

जीप बसली. टपाच्या कडेचं थोडं पॉलिश शटरला लागलं, मागून शिंप्यानं "सावकाश, सावकाश" म्हटलं आणि जीप उजेडात आली. टाळ्या वाजल्या. मिस्त्रींनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि थोडा वेळ तसेच राहिले. त्यांना घाई करायला कुणी गेलं नाही.

मागची मंडळी उतरली. फिटरनं चाकांत हवा भरली. हवा भरत गेली तशी जीप वर वर गेली आणि मेट्रनबाईही वर वर गेल्या. शेवटी त्यांनी खाली वाकून बघितलं.

"मी आता उतरायचं कसं?"

पायरी काटकसरीत गेली होती. बाईंच्या गुडघ्यांना चढणं एक वेळ जमायचं, उतरणं नाही. मिस्त्री मुकाट्यानं आत गेले आणि एक स्टूल घेऊन आले. ते जमिनीवर ठेवून त्यांनी आधाराला हात पुढं केला. बाईंनी स्टुलाकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"ते मागं टाका," त्या म्हणाल्या. "वर गेल्यावर लागेल."

मिस्त्रींनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याला सुट्टी नव्हती, आणि असती तरी त्याचा धीर झाला नसता. त्यानं मान हलवली. मिस्त्रींनी स्टूल मागं टाकलं.

वाटभर दोघं बोलली नाहीत. टेम्पोचे पाटे रिकाम्या जीपला असे उडवत होते, की बोलणं शक्यही नव्हतं. दर खड्ड्याला बाई उशीसकट वर जायच्या आणि उशीसकट खाली यायच्या. मग खडक आला. मिस्त्रींनी पहिला गिअर टाकला, पुढची चाकं चढली, मागची चढली आणि जीप पलीकडे उतरली. पोट घासलं नाही. इतकी वर्षं ज्या आवाजानं ते परत फिरले, तो आवाज आला नाही म्हणून त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

वर तळं होतं. म्हणजे गुडघाभर पाणी होतं, त्याभोवती चिखल होता आणि मधोमध एक म्हैस बसली होती. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं.

"हेच?"

"हेच," बाई म्हणाल्या. "मी बघितलंय. नोकरीत असताना आमची सहल आली होती. तेव्हाही असंच होतं. म्हैस दुसरी असेल."

मिस्त्री त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुम्ही दोघं डबा बांधून निघायचात, ते मी गॅलरीतून बघायचे. वाटायचं, सांगावं हिला, अगं काही नाही तिथं, कशाला हाडं खिळखिळी करून घेतेस? पण आमचं बोलणं नव्हतं." बाईंनी उशीची शिवण बोटानं सारखी केली. "ती आजारी होती तेव्हा दोनदा तुमच्या दारापर्यंत आले होते मी. जन्मभर परक्या माणसांच्या उशाशी बसले हो. हिच्याच उशाशी बसले नाही."

मिस्त्री बराच वेळ म्हशीकडे बघत राहिले. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. आली ती नुसती तिची आठवण.

"नाही सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "सांगितलं असतंत तर आम्ही घरातून निघालोच नसतो. खडकापाशी डबा खायचो आम्ही. वर्षाचा तोच एक दिवस ती भरपूर हसायची."

बाईंनी तोंडाला पदर लावला. मिस्त्रींनी मागून स्टूल काढलं, खाली ठेवलं आणि या वेळी त्या त्यांचा हात धरून उतरल्या. चिखलाच्या कडेला दोघं उभी राहिली. म्हशीनं एकदा मान वळवून बघितलं आणि परत फिरवली.

तेवढ्यात मिस्त्रींच्या खिशातला फोन वाजला. मेहुणा होता.

"भाऊजी, पोचलात? घासली नाही ना?"

"नाही. मापं बरोबर आली."

"आणि तळं? दिसलं का?"

मिस्त्रींनी बाईंकडे बघितलं.

"दिसलं रे," मिस्त्री म्हणाले. "केवढं मोठं आहे. पलीकडचा काठ दिसत नाही."

"पाणी?"

"निळंशार."

"ताई म्हणायचीच, खूप मोठं असेल म्हणून." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "भाऊजी, पुढच्या वर्षी मी सुट्टी काढतो. मला दाखवाल?"

"अरे, उद्यापासून बंदी आहे ना," मिस्त्री म्हणाले, आणि मनातल्या मनात त्यांनी वनखात्याचे आभार मानले.