बिननावाचा इंजिनिअर

नोकरीच्या अर्जातून मी माझ्या विद्यापीठाचं नाव काढून टाकायचं ठरवलं. नाव साधंसुधं नाही. ऐकलं की लोक खुर्चीत सावरून बसतात. (मीही बसायचो.) पण परदेशातून परतलो आणि पाहिलं, तर माझी चुलतबहीण इंजिनिअर होऊन घरी बसलेली. डोक्यानं ती माझ्याहून तल्लख. पण तिच्या कॉलेजचं नाव कुणी ऐकलेलं नाही, त्यामुळे तिचे अर्ज कुणी उघडूनही बघत नाही. माझं रक्त उसळलं.

"ताई, नाव न सांगता नोकरी मिळवून दाखवतो! बघच तू!"

"मिळव बाबा," ती म्हणाली. "नाही मिळाली तर मला दुपारी पत्ते खेळायला जोडीदार होईल."

बरेच दिवस आम्ही पत्ते खेळलो. अखेर पंप बनवणाऱ्या एका कंपनीनं मला व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं. हे पहिलंच बोलावणं, आणि रंग बघता शेवटचंही. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलो. ताई समोर, कॅमेऱ्याच्या आड.

"शिक्षण कुठं झालं?" साहेबांनी विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही, सर. मला काय येतं ते बघा."

"मधली वर्षं तुरुंगात वगैरे होतात का?"

"नाही सर. तत्त्वाचा प्रश्न आहे."

साहेबांनी जांभई दिली. "बरं. पंप थरथरतोय. काय कराल?"

"आधी तो खाली नीट टेकलाय का ते बघीन. बोल्ट सैल असतील."

"हे तर कुणीही सांगेल हो!"

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. अंगात मीच भेट दिलेला स्वेटशर्ट, आणि छातीवर विद्यापीठाचं नाव, रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं. मी टेबलाखालून हातानं 'जा, जा' केलं. तिला वाटलं, साखर हवी. ती आणखी पुढे आली.

साहेब ताठ झाले. "बाई, आपण या विद्यापीठात होतात?"

"होते की! पदवीदानाला अगदी पहिल्या रांगेत." (माझं पदवीदान बघायला आली होती.)

"मग आपणच सांगा. पंप थरथरतोय."

आईनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. "अहो, आधी तो खाली नीट टेकलाय का बघा की."

"वा! थेट मुळालाच हात! याला म्हणतात शिक्षण!"

खुलासा करायचा तर नाव घ्यावं लागणार. ते मी घेणार नव्हतो, जीव गेला तरी! ताई तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

"बाई, सल्लागार म्हणून आमच्याकडे याल?"

आईनं आमच्या दोघांकडे पाहिलं. "येईन. पण ही माझी पुतणी आणि हा मुलगा हाताखाली हवेत."

"घ्या की. हाताखालच्या माणसांचं कॉलेज आम्ही बघत नाही."

लॅपटॉप मिटताच मी टेबलावर मूठ आपटली. "बघितलंस, ताई? दोघांनाही मिळाली! नाव न सांगता!"

"मिळाली खरी," ताई म्हणाली. "आता ऊठ. मॅडमचा चहा पिऊन झालाय, कप विसळून आण."