नऊ वाजता सुटलेल्या दोन गाड्या

टाकळझरीच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागं बसून उमाजी एकाच वेळी दोन कामं करायचा. गाड्या पुकारणं हे पगाराचं काम आणि टेबलाच्या खणातलं अंकगणिताचं पुस्तक हे मनाचं. मेंढरांमागं पायपीट करणाऱ्या घरातला तो पहिला बी.ए. आता, सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, त्याला औरंगाबादला व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जायचं होतं. प्रवेशपरीक्षा दहा दिवसांवर आली होती. शिकवायला गावात कुणी नव्हतं, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ ती खिडकी खाऊन टाकत होती.

पुस्तकातली 'अ' आणि 'ब' गावं काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नसत. म्हणून तो ओळखीची गावं घालून गणितं मोठ्यानं सोडवायचा. त्या सकाळी नऊच्या सुमारास त्यानं सेलूची गाडी पुकारली, माईक बंद करायचा विसरला आणि खण उघडला.

"परभणीहून नऊ वाजता एक गाडी निघाली. ताशी चाळीस," भोंग्यातून आवाज आला. "जिंतूरहून नऊलाच दुसरी निघाली. ताशी पन्नास. रस्ता एकच. अंतर पंचेचाळीस."

फलाटावरच्या माना भोंग्याकडं वळल्या. जरा वेळानं भोंगा आनंदानं ओरडला, "जमलं! बरोबर साडेनऊला दोघी समोरासमोर! परभणीपासून इसाव्या किलोमीटरला!"

"इसावा म्हंजी आपल्या वढ्याचा पूल की!" कँटीनवाला दत्तराव किंचाळला.

केशरबाईच्या हातातली पिशवी गळाली. तिची लेक परभणीच्या गाडीनं बाळंतपणाला यायची होती. "आगं माय! आन् ह्यो मुडदा जमलं म्हनायलाय!"

दत्तरावानं टेबलावरचं लाल फडकं ओढलं आणि पुलाकडं धूम ठोकली. मागोमाग सगळा फलाट. दोन्ही गाड्या पुलाच्या दोन टोकांना अडवल्या गेल्या. परभणीच्या गाडीचा ड्रायव्हर मल्हारी म्हणाला, "समोरची गेल्याबिगर मी चाक हालवनार न्हाई." समोरच्यानंही तोच निरोप धाडला. मागं बैलगाड्या, ट्रक, एक वऱ्हाडाचा टेम्पो असं सगळं तुंबलं.

इकडं पाथरीची गाडी पुकारायला उमाजीनं मान वर केली, तर फलाटावर फक्त एक शेळी. माईकचा लाल दिवा अजून पेटलेलाच दिसला. तो धावत पुलावर पोचला.

"आवो, ते गनित हाय! माझ्या परीक्षेचं!"

"मंग त्यात खऱ्या गाड्या कशापायी घातल्या?" मल्हारीनं विचारलं.

तेवढ्यात मल्हारीच्याच गाडीतून तपासणीला निघालेले एस.टी.चे दिनकरराव साहेब घाम पुसत उतरले. सगळं ऐकून घेतल्यावर ते कडाडले, "ड्यूटीवर अभ्यास? उद्यापासून आठ दिवस घरी बसायचं!"

आठ दिवस! सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती गणितं! हसू लपवायला उमाजीनं मान खाली घातली.

लेक सुखरूप उतरलेली पाहून केशरबाई विरघळली होती. ती पुढं आली. "साहेब, येवढी मेहेरबानी करा. लय गुनी पोरगं हाय. आजवर कुनाची गाडी चुकू दिली न्हाई."

"चूक आमची हाय साहेब," दत्तराव म्हणाला. "आमीच इचारल्याबिगर पळत सुटलो."

"मावशी, ऱ्हाऊ द्या," उमाजी घाईनं म्हणाला. "साहेबांचं बरोबर हाय. सजा व्हायलाच पायजे."

"बगा! आसा इमानदार मानूस मिळंल का?" केशरबाईनं साऱ्या पुलाला विचारलं. मल्हारीसुद्धा गाडीतून उतरून हात जोडून उभा राहिला.

दिनकररावांचा चेहरा निवळला. त्यांनी उमाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "ठीक आहे. शिक्षा रद्द. आत्ताच कामावर चला. तुमच्यासारखा भरवशाचा माणूस दिवसपाळीत अडकवून चालायचं नाही. उद्यापासून संध्याकाळची खिडकीही तुम्हीच सांभाळा."

पुलावर टाळ्या पडल्या. केशरबाईनं लेकीला कोपरानं ढोसलं. "बग की, किती भोळं हाय. डोळ्यांत पानीच आलं त्याच्या."