आबारावांची तकरीर

आमच्या घाटनांदूरच्या आबारावांकडं साधं पाणी मागायची सोय नव्हती. मागितलं की लगेच, "तम्हीद कुठाय बे? आधी नमस्कार, मग घशाची कोरड, मग पाणी!" तम्हीद म्हणजे भाषणाची सुरुवात. आबाराव तहसिलीतले जुने मुन्शी. वकिलांच्या तकरिरी, म्हणजे भाषणं, ऐकून ऐकून त्यांना हे खूळ लागलेलं. गावभर बोलायला शिकवायचे, स्वतः मात्र जन्मात एकदाही भाषणाला उभे राहिले नव्हते.

एकदा माझी कडब्याची गंजी पेटली. मी बोंबलत त्यांच्या दारात गेलो, तर म्हणतात, "आवाज एकदम वर न्यायचा न्हाई. आधी वक्फा घे." वक्फा म्हणजे मधेच थांबणं. मी येड्यासारखा थांबलो, पण आग कशाला थांबतीय? बादली घेऊन धावल्या त्या त्यांच्या बायको, सरूकाकू.

त्या सरूकाकू गेल्या. आबाराव म्हणाले, "तेराव्याला मी बोलनार."

बायकोवर तकरीर? गाव चक्रावलं. निजामाच्या राज्यात चारचौघांत बोलायचं तर मजकूर आधी पोलीस अमीनाला दाखवावा लागे. आबारावांनी दिला, जागोजागी 'वक्फा' लिहून. सोबत मी होतो.

"इस वक्फे में क्या बोलोगे? वो भी लिखो," अमीनसाहेब म्हणाले.

"काईच न्हाई बोलनार, साहेब."

"तो लिखा क्यों?"

कोण बरोबर, मला आजवर उमगलं नाही. शेवटी 'थांबल्यावर काही बोलणार नाही' असं लिहून दिलं, तेव्हा शिक्का बसला. वर ताकीद, कागदाबाहेर एक शब्द गेला की तकरीर बंद.

तेराव्याची पंगत उठली. अमीनसाहेबांचा शिपाई कागद धरून उभा. आबाराव उठले आन् म्हणाले, "सरू..."

आता घ्या! चारचौघांत बायकोचं नाव! बाया तोंडाला पदर लावून बघायला लागल्या.

"सरू, समद्या गावाला बोलायला शिकवलं. तुला 'जेवलीस का' बी कधी पुसलं न्हाई गं."

शिपाई भराभरा पानं उलटत माझ्याजवळ आला. "ये कहाँ लिखा है?" मग तो आबारावांवरच ओरडला, "बस करो! ये कागज में नहीं है!"

आबारावांनी त्याच्याकडं बघितलं. "आधी सुचलं असतं तर कागदावर कशाला लिवलं असतं, जमादार? तिलाच बोललो असतो की."

शिपाई जरा घुटमळला. मग कागद माझ्या हातात देऊन खाली मांडी घालून बसला.