थोरलीची सुट्टी

खोलीत एक पलंग होता, दोन खिडक्या, त्यांतली एकच उघडणारी, दोन पांघरुणे, तीन उशा आणि छताला एक पंखा. पंख्याच्या रेग्युलेटरवर पाच आकडे होते. त्यांतले एक आणि पाच कधीच वापरले जात नसत. तीनवर दोघांचेही समाधान होत नसे. राहिले दोन आणि चार. लग्नाला अकरा वर्षे झाली होती आणि या दोन आकड्यांवरून भांडण झाले नाही असे दिवस नवऱ्याच्या अंदाजाने चाळीसच्या आसपास होते. त्यांत ती माहेरी गेली होती ते अडतीस धरले होते.

रविवारी दुपारी जेवण करून दोघे आडवे झाले. तो पंखा चारवर करून आला. ती उठली आणि दोनवर करून आली.

"उकडतंय," तो म्हणाला.

"गारठलेय मी," ती म्हणाली.

"एकाच खोलीत?"

"मी एकाच खोलीत असते. तू कुठे असतोस ते तुलाच माहीत."

एरवी इथून भांडण त्याच्या आईकडे जायचे, तिथून तिच्या भावाच्या लग्नाकडे आणि चहाच्या वेळी थकून परत यायचे. या रविवारी तो उठला आणि ऑफिसच्या पिशवीतून एक लांबट लाकडी पेटी काढून घेऊन आला.

तो तापमान तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. दवाखाने, कारखाने, शीतगृहे आपापल्या तापमापी तिथे पाठवत आणि त्या बरोबर दाखवतात की नाही हे एका जुन्या तापमापीशी ताडून ठरवले जाई. ही तापमापी पाऱ्याची होती, हातभर लांब, आणि तिच्यावर एका अंशाचे वीस भाग कोरलेले होते. प्रयोगशाळेत तिला सगळे 'थोरली' म्हणत. थोरली इमारतीबाहेर न्यायची नाही, हा नियमावलीतला पहिलाच नियम होता. शनिवारी संध्याकाळी तिला पिशवीत घालताना त्याला लाज वाटली होती. बसमध्ये बसायला जागा मिळाल्यावर ती कमी झाली.

त्याने थोरलीला दोऱ्याने पलंगाच्या दांड्याला उशीच्या उंचीवर टांगले आणि चार मिनिटे थांबला.

"अठ्ठावीस पॉइंट तीन पाच. बघ."

"काय बघू? तुझ्या उशीपाशी लावलायस. तिकडची भिंत तापते दुपारी. माझ्याकडे लाव."

तिच्या बाजूला सत्तावीस पॉइंट नऊ शून्य निघाले.

"म्हणजे माझंच खरं," दोघेही एकदम म्हणाले.

सत्तावीस पॉइंट नऊला थंडी वाजू शकते का, या प्रश्नावर थोरली गप्प राहिली. पंखा तीनवर ठेवला गेला. कोणालाच झोप लागली नाही.

सोमवारी सकाळी दाढी करता करता त्याने आतून विचारले, "पेटी ठेवलीस का गं?"

"ठेवली तुझ्या बॅगेत," ती बाहेरून म्हणाली, आणि तिची बस आधीची असल्यामुळे निघून गेली.

प्रयोगशाळेच्या दारातच त्याला साहेब भेटले. दुसऱ्याच्या आकड्यात एखादे स्थान कमी पडले की ते अस्वस्थ होत, म्हणून त्यांना 'दशांश' म्हणत. पाच दिवसांपूर्वी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यामुळे त्यांनी काळा चष्मा लावला होता. त्यातूनही ते घाबरलेले दिसत होते.

"परीक्षक आलेत," दशांश हळू आवाजात म्हणाले.

"गुरुवारी येणार होते ना?"

"आज आलेत. चहा घेतायत. मान्यतेचं नूतनीकरण आहे, ठाऊक आहे ना? सगळ्यात आधी थोरलीच बघणार. तिच्यात काही कमी-जास्त निघालं तर विभागाला कुलूप, आणि अधिकृत तंत्रज्ञांच्या यादीतून तुझं नाव गेलंच समज. तुझ्या जोडीच्या तंत्रज्ञाला नेमकी आजच रजा हवी होती."

त्याने पेटी टेबलावर ठेवून उघडली. आत निळी मखमल होती आणि मखमलीत हातभर लांबीचा खड्डा होता. खड्ड्यात काही नव्हते.

तो जिन्यात गेला आणि बायकोला फोन लावला.

"थोरली कुठाय?"

"कोण थोरली?"

"अगं, थर्मामीटर! काल टांगलेला!"

"तो होय. माझ्याकडे आहे. ऑफिसात."

"तू म्हणालीस, पेटी ठेवली!"

"पेटीच ठेवली. तू पेटीच विचारलीस. पेटी म्हणजे पेटी." ती शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांची मुद्रिते तपासत असे. शब्दाला शब्द लावून बघणे हा तिचा पेशा होता. "घरातलं भांडण काही मिटलं नाही त्यानं. म्हटलं, ऑफिसातलं तरी मिटतंय का बघू."

"नेलास कशातून?"

"छत्रीच्या कव्हरातून. छान बसतो."

तो तसाच जिना उतरला आणि त्याने तिच्या ऑफिसकडे जाणारी बस धरली.

तिच्या कार्यालयात अकरा माणसे, अकरा टेबले, एक एसी आणि एक रिमोट होता. एसीच्या बरोबर खाली चित्रकार बसे. तो बाराही महिने गळ्याला मफलर गुंडाळून पाचवीच्या पुस्तकातली फुफ्फुसे काढत असे. दुसऱ्या टोकाला, काचेच्या खिडकीपाशी, संपादक बाई बसत आणि वहीने वारा घेत. रिमोट त्यांच्या खणात असे आणि खणाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये. नवरा धापा टाकत पोचला तेव्हा थोरली कागदपत्रांच्या कपाटाच्या मुठीला लोंबत होती आणि तिच्याभोवती नऊ माणसे जमली होती.

"आले बघा तज्ज्ञ!" संपादक बाई म्हणाल्या. "आता काय ते एकदाचं सांगून टाका. हा मफलरवाला म्हणतो, बर्फ पडायचा बाकी आहे."

"मॅडम, मला हा परत न्यायचाय. आत्ता. परीक्षक—"

"न्याल हो," चित्रकार कपाटासमोर उभा राहत म्हणाला. "आधी माझ्या टेबलाचं बघा. तीन वर्षं मला सगळे नाटकी म्हणतायत."

"पटकन बघून दे ना," बायको म्हणाली. "एक आकडा तर सांगायचाय."

"एक आकडा नसतो गं. प्रत्येक ठिकाणी स्थिर व्हायला चार मिनिटं लागतात." हे वाक्य तोंडातून गेले आणि आपण काय बोललो ते त्याला कळले. पण तोवर कोणीतरी कागद आणि पेन्सिल आणली होती.

चार गुणिले अकरा म्हणजे चव्वेचाळीस मिनिटे. सातव्या टेबलापाशी दशांशांचा फोन आला. परीक्षकांनी दुसरा चहा मागितला होता. नवव्या टेबलापाशी परत आला. चहा संपला होता.

निकाल असा की चित्रकाराच्या टेबलावर एकवीस पॉइंट दोन होते आणि खिडकीपाशी सव्वीस पॉइंट चार. म्हणजे दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. याने शांतता होईल असे बायकोला वाटले होते. झाले उलटेच. मधल्या दोन टेबलांवर तेवीस पॉइंट आठ निघाले आणि मग कार्यालयातल्या नऊ माणसांना तीच दोन टेबले हवी झाली. चित्रकाराने आपले टेबल तिकडे ओढायला घेतले. वाटेत एका कपाटाचा दरवाजा निखळला आणि सहावीच्या भूगोलाची आणि सातवीच्या विज्ञानाची पाने जमिनीवर एकत्र झाली.

"हे तुमचं काम," संपादक बाई म्हणाल्या. त्या कोणाला म्हणाल्या हे दोघांनाही कळले, कारण त्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "आम्ही आपले चांगले भांडत होतो."

त्या गोंधळात त्याने थोरलीला अकराव्या टेबलावरून सोडवले. बायकोने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"दे इकडे. तू फोडशील."

"मी? माझा रोजचा धंदा आहे हा."

"शुक्रवारी कपाचा कान कुणी तोडला?"

"कप आणि थोरली एकच का?"

"तेच म्हणतेय. मी येते पोचवायला."

बसमध्ये जागा नव्हती. ती थोरलीला छातीशी धरून उभी राहिली आणि तो तिच्याभोवती दोन्ही हातांचे कुंपण करून उभा राहिला. प्रत्येक खड्ड्याला दोघे एकमेकांना "सांभाळ" म्हणत होते. नऊ थांबे झाले. दोघांचेही खांदे भरून आले होते.

परीक्षक टेबलापाशी बसले होते. समोर उघडी पेटी होती. ते निवृत्तीला आलेले, बारीक, थकलेले गृहस्थ होते आणि त्यांनी आयुष्यात पुष्कळ रिकाम्या पेट्या पाहिल्या असाव्यात असे दिसत होते.

"साफसफाईसाठी बाहेर..." दशांशांनी सुरुवात केली.

"घरी होती," बायको म्हणाली आणि तिने छत्रीचे कव्हर टेबलावर ठेवले. "आणि आज माझ्या ऑफिसात. घरी यानं नेली, ऑफिसात मी नेली."

दशांशांनी चष्मा काढला आणि परत लावला. नवऱ्याने बायकोकडे बघितले. तीही त्याच्याकडे बघत होती. खोटे बोलून काही होणार नव्हते हे त्यालाही पटत होते, पण तसे त्याने तोंडावर येऊ दिले नाही.

परीक्षकांनी नोंद केली. मग नियमावलीचे पान उलटले. "बाहेर गेलेलं उपकरण परत आलं, तर बर्फबिंदूवर, म्हणजे वितळत्या बर्फात, तपासायचं. दोन निरीक्षक. प्रत्येकी दहा वाचनं, एकमेकांना न दाखवता. उपकरण जुन्या दाखल्याप्रमाणे दाखवत असेल आणि दोघांचे आकडे शून्य पॉइंट शून्य दोनच्या आत जुळले, तर मान्यता राहील. नाही जुळले, तर नाही. दुसरा तंत्रज्ञ?"

"रजेवर," दशांश म्हणाले. "आणि माझे डोळे..."

"मला वाचन घेता येत नाही, मी परीक्षक. मॅडम, आपलं शिक्षण?"

"बीएस्सी. फिजिक्स."

"स्केल वाचता येतं?"

ती काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "येतं, सर. तिचं वाचन चांगलं आहे. अडचण ती नाही."

"मग?"

"आमचं जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

त्याने थोडा विचार केला. "काहीच."

परीक्षकांनी पेनाचे टोपण काढले. "आकडे जुळले की पुरे. बाकीचं नियमात येत नाही."

बर्फ कुटायला घेतला. तो म्हणाला, अजून बारीक हवा. ती म्हणाली, हा पुरे, पीठ करायचंय का. तो म्हणाला, मोठे खडे राहिले की मध्ये फट राहते. तिने वरचा थर उचलून पाहिला, दोन खडे वेचून काढले आणि परत कुटायला लागली. थर्मासमध्ये बर्फ दाबून भरला, शुद्ध पाणी ओतले, जास्तीचे काढून टाकले आणि थोरलीला शून्याच्या रेघेपर्यंत आत उतरवले. ती खोली कायम तेवीसवर ठेवलेली असे. बायकोने न विचारता खुंटीवरचा त्याचा पांढरा कोट अंगात चढवला.

"आता बोलायचं नाही," परीक्षक म्हणाले. "श्वासाची ऊबही जवळ नको. अर्धा तास थांबू, मग दोन-दोन मिनिटांनी वाचन."

दोघे थर्मासच्या दोन बाजूंना स्टुलांवर बसले. दशांश दारात उभे राहिले. घड्याळाचा काटा ऐकू येत होता. दहा मिनिटांनी तो काहीतरी सांगायला तोंड उघडणार होता. तिने मान हलवली. विसाव्या मिनिटाला तिने कोटाची बाही दुमडली. तिसाव्या मिनिटाला परीक्षकांनी बोट वर केले.

आधी तो वाकला. भिंगातून पाऱ्याची कड पाहिली, चिठ्ठीवर लिहिले, चिठ्ठी पाकिटात टाकली. मग ती वाकली. डोळा पाऱ्याच्या रेषेत येईपर्यंत ती गुडघ्यांवर खाली गेली आणि श्वास धरून राहिली. तिच्या चिठ्ठीला जास्त वेळ लागत होता. चौथ्या वाचनाला तिने लिहिलेले खोडले. तिने तोच आकडा पुन्हा स्वच्छ लिहिला की दुसरा, हे त्याच्या जागेवरून दिसत नव्हते. सहाव्या वाचनापासून त्याने तिकडे बघायचे सोडून दिले.

वीस चिठ्ठ्या झाल्यावर परीक्षकांनी दोन्ही पाकिटे उघडली. त्यांनी डावीकडे त्याच्या आणि उजवीकडे तिच्या चिठ्ठ्या लावल्या आणि एकेका जोडीवरून बोट फिरवत खाली आले. एका ठिकाणी बोट थांबले.

"एकात फरक आहे," ते म्हणाले.

"कितवं?" दोघांनी एकदम विचारले.

"सातवं."

"सातव्याला तू टेबलाला टेकला होतास," ती म्हणाली. "मी बघितलं."

"टेकलो नव्हतो. टेबलाला धक्का लागला तो तुझ्या कोटाचा."

"कोट तुझाच आहे."

परीक्षकांनी मान वर केली नाही. त्यांनी नोंदवहीत सावकाश, एकसारख्या अक्षरांत लिहिले आणि वही दोघांच्या सह्यांसाठी फिरवली.

बर्फबिंदू: जुन्या दाखल्याप्रमाणे. निरीक्षक दोन. वाचने प्रत्येकी दहा. नऊ जोड्यांत फरक शून्य. एका जोडीत फरक ०.०१ अंश. ग्राह्य मर्यादा ०.०२ अंश.