झाकण उघडून बघणारा गव्हाणे

आमचा गव्हाणे दुसऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून बघतो. खात नाही, नुसतं बघतो. तुम्ही "जेवलो" म्हणालात तरी डबा हलवून बघतो. कॅन्टीनवाला "चहा संपला" म्हणाला की थर्मास वाकडा करतो. माझं डोकं फिरतं, त्याला ढिम्म फरक पडत नाही.

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत आम्ही दोघं सर्व्हर सांभाळतो. स्क्रीनवर सगळं हिरवं असलं की मी निवांत. गव्हाणेचं पालुपद ठरलेलं, "हिरवं काय, कुणीबी दाखवतंय. आत बघाया नको?"

परवा त्या पालुपदानं माझा जीव खाल्ला. जुनी स्टोरेज काढायची म्हणून आम्ही सगळा डेटा शिरूरच्या ऑफिसातल्या नव्या स्टोरेजवर रेप्लिकेट केला, म्हणजे जसाच्या तसा तिकडं उतरवला. कॉपी पूर्ण, सगळं हिरवं. आणि ड्रमची लेबलं छापणारी व्हर्च्युअल मशीन काही केल्या सुरू होईना. म्हणे डिस्क सापडत नाही. लेबल नाही म्हणून माल हलेना, ट्रक गेटवर अडकलेले, आणि मॅनेजर फोनवर माझा उद्धार करतोय.

दोष साधा होता. डिस्क नव्या जागी गेलेली, मशीन तिला जुन्याच पत्त्यावर शोधत होती. नवा पत्ता द्यायचा, संपलं. खुर्चीवरून न उठता होणारं काम.

"शिरूरला जाऊन बघू," गव्हाणे म्हणाला.

"अरे, काय बघणार? सर्व्हरच्या पोटात चालणारी मशीन ती. तिथं हात लावायलासुद्धा काही नसतं."

"हितनं दिसतंय ते खरं कशावरनं?"

नव्या स्टोरेजचा पासवर्ड त्याच्याकडं, आणि तो काही देईना. मग काय, बसलो त्याच्या गाडीत, दात-ओठ खात. दौंड ओलांडून शिरूर येईपर्यंत मी त्याच्याशी चकार शब्द बोललो नाही. तिथं त्यानं पत्ता बदलला आणि मशीन लगेच उठली. कुरकुंभहून छापलेल्या लेबलाचा फोटो मागवला, तेव्हा कुठं गडी खुर्चीतून हलला.

"आता वाटंत केंदूरला डोकावू," म्हणाला. "म्हातारी एकटीच असती. गाव सोडंना."

शिरूरहून कुरकुंभला जाताना केंदूर वाटेत? पार उलट्या दिशेला आहे ते. मग मात्र माझा तोल गेला. तोंडाला येईल ते बोललो, त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो ऐकत गाडी चालवत राहिला. मध्येच त्यानं आईला फोन लावला.

"जेवलीस का?"

"व्हय रं, मघाशीच. बरी हाय मी. तू तुझं काम बघ."

"बरं," म्हणाला, आणि गाडी आणखी दामटली.

घरात शिरला तो थेट चुलीकडं. भाकरीच्या डब्याचं झाकण काढलं. सकाळच्या दोन्ही भाकरी तशाच. कालवणात पळीसुद्धा बुडाली नव्हती.

"एकटीला घास उतरत न्हाई रं," म्हातारी भिंतीकडं बघत म्हणाली.

गव्हाणेनं ताटलीत भाकरी कुस्करली, वर कालवण ओतलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मॅनेजर. "इथं सगळं हिरवं दिसतंय. निघालात ना?"

"अजून आत बघतोय," मी म्हणालो. "वेळ लागेल."